काट्यावर घेतलेला संशय

७ मार्च

१. संप तीन दिवसांचा ठरला होता. मागणी एक होती: विद्यापीठानं शिक्षक संघटनेला मान्यता द्यावी आणि कंत्राटी शिक्षकांच्या सेवाशर्ती संघटनेबरोबर बसून ठरवाव्यात, एकेकाला केबिनमध्ये बोलावून नाही.

२. आदल्या संध्याकाळी मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या चुंबकात, तो थंड राहावा म्हणून, द्रव नायट्रोजन भरला. एकदा भरला की आठवडाभर काळजी नसते. संघटनेनं तेवढी मोकळीक दिली होती, कारण हा चुंबक तापला तर पुन्हा उभा करायला वर्ष जातं, आणि उभा राहीलच असंही नाही.

३. पहिल्या दिवशी सकाळी मी बाकीच्यांबरोबर फाटकाबाहेर उभी असताना मला फोन आला. नायट्रोजनच्या नळीला गळती आहे, पातळी झपाट्यानं उतरते आहे, असं मला सांगण्यात आलं.

४. मी मागच्या दारानं आत गेले. ते दार ओळखपत्र टेकवल्याशिवाय उघडत नाही, आणि टेकवलं की हजेरी लागते. मी टेकवलं.

५. बाहेर आले तेव्हा जनसंपर्क अधिकारी कॅमेरा घेऊन पायऱ्यांवर उभे होते.

६. दुपारी तो फोटो विद्यापीठातल्या प्रत्येक शिक्षकाच्या फोनवर पोचला. खाली दोन वाक्यं होती. "संघटनेच्या सरचिटणीस स्वतः आज कामावर हजर आहेत. मग आपण उन्हात कोणासाठी उभे आहात?"

७. दुसऱ्या दिवशी अर्धे वर्ग भरले. तिसऱ्या दिवशी सगळे.

८. फोन तू केला होतास.

मावशी, यातले पहिले सात मुद्दे मी संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवले. आठवा वाचला नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "फोन कोणाचा होता?" अध्यक्ष तुला माहीत आहेत. गणिताचे, एक बाही दुमडलेली आणि एक सुटलेली, ज्यांना तू घरी 'तुमचं ते वर्गमूळ' म्हणायचीस. मी म्हणाले, नंबर ओळखीचा नव्हता. ते म्हणाले, "नंबर अनोळखी, आणि तू मात्र आकाशवाणी झाल्यासारखी धावलीस." कोणी हसलं नाही.

मी तुझं नाव का घेतलं नाही, याचं कारण मला नीट मांडता येत नाही, म्हणून मांडत नाही.

ईमेल लिहीत नाही, कारण विद्यापीठाचा ईमेल कोण कोण वाचतं ते तू प्र-कुलगुरू झाल्यापासून मला तुझ्याकडूनच कळलेलं आहे. फोन करत नाही, कारण तुझ्या आवाजापुढे मी अजून दहावी होऊन तुझ्या दारात पेटी घेऊन उभी असते. कागदावर मला जरा सरळ उभं राहता येतं.

एक तांत्रिक प्रश्न आहे. गळती नळीच्या कोणत्या सांध्याला होती? दुरुस्तीसाठी हवं आहे.

— भाची


१२ मार्च

मावशी,

आईकडून तुझा निरोप पोचला. "रागावली असेल. रविवारी तिला जेवायला पाठव." सांध्याबद्दल निरोपात काही नव्हतं.

आईशी झालेलं बोलणं तिनं तुला सांगितलंच असेल, पण ती गाळून सांगते, म्हणून लिहिते.

"तिनं तुला घरात ठेवून शिकवलं."

"मी कुठे नाही म्हणते?"

"मग जेवायला जायला पाय दुखतात का? माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, ते उगाच नाही."

"तू जिवंत आहेस, आई."

"आहे म्हणून तर बोलते आहे. नाहीतर तुला चार शब्द सुनावायला आहे कोण? ते संघटनेतले?"

आईला एवढंच माहीत आहे की मी संपात होते आणि तू नव्हतीस. तिच्या लेखी हे एकाच घरातल्या दोन खोल्यांचं भांडण आहे. मधलं दार उघडलं की मिटलं.

संघटनेतले लोक मला काहीच बोलत नाहीत, ते जास्त अवघड आहे. शिक्षक कक्षात मी चहाच्या यंत्रापाशी गेले की विषय हवापाण्यावर येतो. परवा रसायनाच्या बाई मला पाहून शेजारच्याला म्हणाल्या, "हळू बोला. हल्ली भिंतींना मावश्या असतात." विनोद चांगला होता. मी हसले. मी हसलेलं त्यांना आवडलं नाही.

जानेवारीतली ती एकुलती एक बैठक माझ्या डोक्यातून जात नाही. कुलगुरू मधोमध, तू त्यांच्या उजव्या हाताला, समोर आम्ही. तुम्ही आधीच कळवलं होतं की ही वाटाघाट नाही, स्नेहसंवाद आहे. वाटाघाट म्हटलं असतं तर समोर संघटना बसली आहे हे मान्य करावं लागलं असतं. म्हणून टेबलावर पाण्याच्या बाटल्या होत्या आणि फुलं होती, कागद एकही नव्हता.

कुलगुरू म्हणाले, "विद्यापीठ हे एक कुटुंब आहे."

अध्यक्ष म्हणाले, "असेल, साहेब. पण कुटुंबात पोरांना दर वर्षी नव्यानं अर्ज करायला लावत नाहीत."

आमच्या बाजूला हशा झाला. तू तो संपू दिलास आणि मग, आवाज जराही न चढवता, म्हणालीस, "कुटुंबात कुरबुरी व्हायच्याच. पण आई आणि मुलांच्या मध्ये कोणी वकील आणून बसवत नाही. ज्याला जे सांगायचं आहे, त्यानं माझ्याकडे यावं. माझं दार उघडं आहे."

तुझं दार खरंच उघडं असतं. ते मी कोणापुढेही कबूल करेन. भूगोलाच्या बाई तिथून बाळंतपणाची रजा घेऊन आल्या, जी त्यांच्या करारात नव्हती. भाषा विभागातला एक जण दोन वर्षांचा करार घेऊन आला. ग्रंथालयशास्त्राचे गृहस्थ खुर्ची घेऊन आले, पाठीला आधार देणारी, नवी कोरी. तू प्रत्येकाला बसवलंस, पाणी दिलंस, घरची विचारपूस केलीस, आणि ती खोटी नव्हती. जानेवारी सरेपर्यंत आमच्या बैठकीतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या. आणि तुझ्या केबिनमधून बाहेर पडलेला प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन बाहेर पडला होता. "मॅडम म्हणाल्या, कोणाला सांगू नका, नाहीतर सगळेच मागतील."

सगळेच मागतील, यालाच आम्ही संघटना म्हणतो.

रविवारी मी येणार नाही. सांधा कळव.

— भाची


२१ मार्च

मावशी,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझ्या सरळ, दाबून काढलेल्या अक्षरात: "काही निर्णय संस्थेच्या हितासाठी घ्यावे लागतात. तू अजून लहान आहेस. थोडे दिवस जाऊ देत. चुंबकाकडे लक्ष ठेव."

सांधा नाही.

आज प्रशासनाकडून दोन पाकिटं आली. एक अध्यक्षांना, एक मला. शिपायानं दोन्ही शिक्षक कक्षातल्या एकाच टेबलावर ठेवली आणि आम्ही ती समोरासमोर बसून उघडली. तुमच्या कार्यालयानं हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. तिथे एवढी कल्पनाशक्ती कोणापाशी नाही.

अध्यक्षांच्या पाकिटात होतं की विभागाच्या बदललेल्या गरजा लक्षात घेता त्यांचा करार पुढे वाढवता येत नाही. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. बेरीज-वजाबाकी हल्ली वरच्या मजल्यावरच होते. आमची गरज काय?" आणि मग माझ्या पाकिटाकडे पाहून, "तुलाही नारळ?"

"नाही."

"मग?"

"कायम केलं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रसायनाच्या बाई कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या. अध्यक्ष उठले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मी तो झटकावा असं मला वाटत होतं, पण मी झटकला नाही.

ते म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांडा कोण आणि गोत कोण, ते मला अजून सुटलेलं नाही. आणि सुटत नाही तोवर मी तुला काही बोलणार नाही. गणितवाला आहे मी, अर्ध्या उदाहरणावर उत्तर लिहीत नाही."

मावशी, संघटनेत आल्यावर मी तुझं घर सोडलं त्या दुपारी तू मला हा चुंबक कसा आला ते सांगितलं होतंस. तेव्हाच्या कुलगुरूंच्या व्हरांड्यात तू वर्षभर जाऊन बसायचीस. ते पेपर वाचायचे, तू बसायचीस. एक दिवस वैतागून त्यांनी सही केली. तू म्हणालीस, "मी मागून मिळवलं. झिजून मिळवलं. तुम्हाला तेच आयतं, हक्कानं हवंय. हक्कानं मिळालेल्या गोष्टीवर माणूस जीव लावत नाही."

 त्या दिवशी बॅगेची चेन लागत नव्हती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. आज उत्तर देते. तुझ्याआधी त्या व्हरांड्यात किती जणी बसल्या आणि तशाच उठून गेल्या, हे तू कधी कोणाला विचारलंस का? ज्याला मागून मिळतं त्याला वाटतं, मागणं हीच रीत आहे. ज्याला मिळत नाही तो पुढे सांगायला उरत नाही.

आणि आता व्हरांडा तुझा आहे. पेपर तू वाचतेस.

— भाची


२२ मार्च

मावशी,

काल एक गोष्ट लिहायची टाळली. नियुक्तीचा आदेश मी परत केलेला नाही. स्वीकारलेलाही नाही. पंधरा एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. तो टेबलावर पडून आहे आणि मजकूर दिसू नये म्हणून मी त्याच्यावर चहाचा कप ठेवते. कप लहान आहे. 'कायम' हा शब्द बाहेर राहतो.

दर वर्षी मे महिन्यात करारासाठी जो नवा अर्ज लिहावा लागतो तो या वर्षी लिहावा लागणार नाही, हे मला कळतं. त्याचा आनंद झाला हेही मला कळतं. तुला हे लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

— भाची


४ एप्रिल

मावशी,

तू काल प्रयोगशाळेत येऊन गेलीस. आपण जे बोललो ते इथे पुन्हा उतरवते आहे. पुढे कधी तू 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणू नयेस म्हणून, आणि मीही स्वतःशी तसं म्हणू नये म्हणून.

तू नेहमीसारखा चुंबकाच्या अंगावर तळहात टेकवलास आणि विचारलंस, "पातळी काय?"

मी म्हणाले, "भरपूर आहे. गळती कुठे होती?"

"कसली गळती?"

"मावशी."

"असेल कुठेतरी. एवढ्या जुन्या नळ्या आहेत."

"मी प्रत्येक सांध्यावर हात फिरवला होता. गळती असती तर बर्फ धरला असता. सगळं कोरडं होतं."

तू स्टूल ओढून बसलीस. गुडघा दुखतो आहे हे तू सांगितलं नाहीस, पण बसताना टेबल धरलंस ते मी पाहिलं. मग तू बोललीस, आणि तू ते केबिनमधल्या आवाजात नाही, घरातल्या आवाजात बोललीस.

"कुलगुरूंच्या टेबलावर आदेश तयार होता. सगळे कंत्राटी बाहेर, एका सहीत. संप दुसऱ्या दिवशीही टिकला असता तर ती सही झाली असती. त्यांनी मला विचारलं, हा एका दिवसात मोडेल असं काही आहे का? मी म्हटलं, आहे."

"काय आहे?"

"तू."

 तू पुढे म्हणालीस, "मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. जाईल तो अध्यक्ष एकटा जाईल, बाकी कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. आणि तुला कायम करायचं. सांग, तुमच्या संघटनेनं एवढं मिळवलं असतं?"

"म्हणजे वाटाघाट झाली," मी म्हणाले. "फक्त आम्ही त्या खोलीत नव्हतो."

"शब्द पकडू नकोस."

"अध्यक्षांना विचारलं होतंस? की मी तुमचा सौदा करते आहे, चालेल का?"

तू चुंबकाकडे पाहिलंस. म्हणालीस, "चहा पाजणार आहेस की नाही?"

मी पाजला. आपण दोघी तो प्यायलो. माझ्याकडे साखर संपली होती आणि तू तक्रार केली नाहीस. जाताना म्हणालीस, "त्या आदेशावर सही करून टाक. वाया घालवू नकोस." मग दारातून वळून, "मला तुझ्यासाठी एवढंच करता येत होतं."

यातलं शेवटचं वाक्य खरं असेल, असं मला वाटतं. त्यानं काही सोपं होत नाही.

आता मी एक गोष्ट सांगते. ती बैठकीत सांगितली नव्हती आणि काल तुलाही सांगितली नाही. बैठकीत मी म्हणाले होते की आत काम होतं, म्हणून वेळ लागला. काम नव्हतं.

त्या सकाळी मी आत शिरले आणि सगळ्यात आधी पातळीच्या काट्याकडे पाहिलं. तो 'पूर्ण' या खुणेवर होता. मी तिथूनच मागे फिरले असते तर पायऱ्यांवर मला कोणी गाठलं नसतं. जनसंपर्क अधिकारी तेव्हा अजून त्यांच्या खोलीत कॅमेऱ्याची बॅटरी शोधत होते. ते त्यांनीच नंतर हसत हसत चार लोकांना सांगितलं. पण मला वाटलं, काटा अडकला असेल. मी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. मग लांब पट्टी काढली. तूच शिकवलेली रीत: पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत धरायची, जिथवर हिमाचं पांढरं धरेल तिथवर पातळी. पांढरं काट्याएवढंच वर आलं. मला वाटलं, पट्टी तिरकी गेली असेल. पुन्हा बुडवली. तेवढंच. मग सांधे तपासले. मग टाकी. मग पुन्हा काटा.

मी विद्यार्थ्यांना काय शिकवते ते सांगू? दोन उपकरणं एकच उत्तर देत असतील आणि ते तुम्हाला पटत नसेल, तर उपकरणं सोडा आणि तुम्ही काय धरून चालला आहात ते तपासा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहिते.

मी काट्यावर संशय घेतला. पट्टीवर घेतला, माझ्या हातावर घेतला, डोळ्यांवर घेतला. तुझ्यावर घेतला नाही. तू खोटं बोलली असशील ही शक्यता मी नाकारली असं नाही, मावशी. ती मला सुचलीच नाही. तू माझ्यासाठी मोजायची गोष्ट नव्हतीस. तू ती जमीन होतीस, जिच्यावर उभं राहून बाकी सगळं मोजायचं.

आणि तू यावरच भरवसा ठेवला होतास. वरच्या पदावर गेलेल्या माणसांना खालचं ऐकू येईनासं होतं, असं मी इतके दिवस समजत होते. तसं नाही. तुला सगळं ऐकू येतं. कोण कशासाठी जीव टाकेल, कोणाच्या हाकेला कोण धावेल, सगळं. फक्त ते तुला एकेकाचं ऐकायचं असतं.

— भाची


१३ एप्रिल

मावशी,

काल मी अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. आठवा मुद्दा, काटा, पट्टी, तुझं माझं प्रयोगशाळेतलं बोलणं, सगळं. मी बोलत असताना त्यांच्या बायको पोळपाटासारख्या एका फळीवर मुलाच्या शाळेच्या गणवेशाची बटणं लावत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी सुई थांबवली.

अध्यक्ष आधी हसले. म्हणाले, "म्हणजे सगळ्यांना वाचवायला एक माणूस द्यायचा, असं उदाहरण मांडलं तुझ्या मावशीनं. गणित म्हणून वाईट नाही."

त्यांच्या बायको म्हणाल्या, "गणित म्हणून नसेल. उद्यापासून घरात काय सांगायचं, म्हणून वाईट आहे."

 मग अध्यक्षांनी मला विचारलं, "कामगार लवादापुढे सांगशील?"

"सांगेन."

"सख्खी मावशी आहे ती तुझी."

"माहीत आहे."

"तिची खुर्ची जाईल. तुझी पण."

"माहीत आहे."

"आणि तरी तू इतके दिवस आमच्या तोंडाकडे बघत गप्प बसलीस. भिंतींच्या मावश्या ऐकून घेतल्यास." ते रागावले होते. फोटोवरून नाही, या गप्प बसण्यावरून. "आपल्यातल्या एकीनं एकटीनं ठरवलं, कोणाला काय सांगायचं आणि काय नाही. हे कोणाकडून शिकलीस?"

 याचं उत्तर तुला आणि मला माहीत आहे.

नियुक्तीचा आदेश मी आज सकाळी परत केला. हे शाबासकीसाठी लिहीत नाही. साक्षीदारानं त्याच सौद्यातून कायम नोकरी घेतली आहे, असं तुमच्या वकिलाला म्हणता येऊ नये, म्हणून केलं.  आवक खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "कायम कोणी परत करतं का गं? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणाले, पोच द्या. त्यांनी दिली, पण शिक्का मारण्याआधी त्या माझ्याकडे बघत थांबल्या, मी मत बदलते का पाहायला. त्या थांबल्या तेवढा वेळ मी खरंच विचार करत होते.

आता पुढचं. अध्यक्षांनी कामगार लवादाकडे तक्रार केलेली आहे. संप फसवून मोडला हे सिद्ध झालं, तर त्यांना काढणं बेकायदा ठरेल आणि विद्यापीठाला संघटनेबरोबर टेबलाशी बसावं लागेल. या वेळी स्नेहसंवादाला नाही. माझ्या एकटीच्या शब्दावर हे उभं राहणार नाही, असं आमच्या वकीलबाई म्हणतात. तू मला फोन केलास हे दाखवता येईल. पण मावशी भाचीला फोन करणारच. त्या फोनवर काय बोलणं झालं हे फक्त आपल्या दोघींना माहीत आहे.

तू बाजू बदलावीस असं मी म्हणत नाही. संघटनेबद्दल तुझं मत आहे ते असू दे. ते घेऊन ये आणि तिथे मांड. तू सगळ्यांना वाचवलंस असं तुला मनापासून वाटत असेल, तर जे झालं ते जसंच्या तसं सांगायला तुला अडचण नसावी: टेबलावरचा आदेश, कुलगुरूंचा प्रश्न, तुझं उत्तर, फोन. तू ते माझ्यासमोर स्टुलावर बसून सांगू शकलीस. ज्यांचा सौदा झाला त्यांच्यासमोर सांग.

एकेकाला आत बोलावून नाही. सगळे असताना.

सुनावणी गुरुवारी सकाळी आहे. तू आलीस तरी आणि न आलीस तरी मी साक्ष देणार आहे. तू आलीस तर वकीलबाई तुला आधी उभं करतील, आणि त्या फोनचं मला सांगावं लागणार नाही. न आलीस तर मला भर खोलीत म्हणावं लागेल की माझी मावशी माझ्याशी खोटं बोलली. ते मी म्हणेन.

साक्षीदारांची नावं बुधवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत द्यायची आहेत. त्याआधी हो किंवा नाही, एका शब्दात कळव.